मैदान कुणाचं, माईक कुणाचा?

(पुणतांबा, ता. राहाता इथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पॉप संगीताच्या जलशांचा आहे. दरवर्षी ठरल्या दिवसांत, मोठ्या मैदानावर, चार-पाच स्टेजं मांडून रॉक, रॅप, जॅझ, इलेक्ट्रॉनिक, सिनेमाचं असं सगळं एका तिकिटात ऐकवतात, ते फेस्टिव्हल. इंग्रजी पेपरवाले त्याला 'मल्टी-जॉनर' म्हणतात. विषय ऐकल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला दिसल्या. गायरानाचं बोला, शिष्यवृत्तीचं बोला, हे गिटार मधीच कुठून आणलं?

सांगतो. तुमच्या या पुणतांब्याच्या स्टेशनातनं शिर्डीचा फाटा फुटतो. त्या शिर्डीत मे २०१५ मध्ये आपल्यातल्या एका तरुण पोराचा खून झाला. पोरगा लग्नाला आलेला. त्याचा फोन वाजला, आणि फोनातून बाबासाहेबांवरचं गाणं वाजलं. त्यावरनं भांडण काढून त्याला मोटारसायकलवर घालून नेलं आणि मारलं, अशा बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या. रिंगटोन म्हणजे किती गाणं? दहा-पंधरा सेकंदांचं. त्याच वर्षी पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर नावाच्या फेस्टिव्हलात ए. आर. रहमान गायला आणि हजारो पोरांनी तीन दिवस कानठळ्या बसेपर्यंत ऐकलं. म्हणजे या महाराष्ट्रात कुणाचं गाणं किती मोठ्यानं वाजावं, कुठं वाजावं, हे ठरलेलं आहे. कुणी ठरवलं, एवढंच आज बघायचंय. गाणं ही नुसती करमणूक आहे असं मला कुणी सांगू नये.

आधी छापील इतिहास बघू. तो अमेरिकेतल्या वुडस्टॉकपासून सुरू करतात. ऑगस्ट १९६९, चार लाखांवर माणूस, पाऊस, चिखल, केस वाढवलेली पोरं. त्याचा वारा इथं आला आणि १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' भरली. हिंदुस्थानचं वुडस्टॉक म्हणून अजून तिचं कौतुक चालतं. ती बोरघाटाच्या डोक्यावर भरली, त्याच काळात आपल्या नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर बायाबापे खडी फोडत होते. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तीच वर्षं, तोच महाराष्ट्र. पण संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला मळवली दिसते, खडी दिसत नाही.

पुढं १९७८ ला मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली. १९८६ ला 'इंडिपेंडन्स रॉक' आलं. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला धोबीतलावच्या रंगभवनात इथल्या पोरांचे बँड वाजायचे. पुढं रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं, तिथला आवाज बंद झाला, आय-रॉकला जागा बदलाव्या लागल्या. २०१३ नंतर ते थांबलं आणि २०२२ ला पुन्हा भरलं.

मग २०१० साली पुण्यात, कोरेगाव पार्कात, वीकेंडर सुरू झाला. ओन्ली मच लाउडर नावाची कंपनी, विजय नायर आणि इंग्लंडचा स्टीफन बड हे काढणारे. नाव घेतलं जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ चं, जो वाराणसीहून कन्याकुमारीला जायचा. शिरावर बकार्डी या दारू कंपनीचं नाव. २०१२ ला तो दिल्ली-बंगलोरला गेला, २०१३ ला कलकत्त्याला, २०१५ ला शिलाँगला. एका स्टेजवर मेटल, दुसऱ्यावर फ्यूजन, तिसऱ्यावर डब आणि रेगे. मनगटाला पट्टा बांधायचा आणि या मांडवातून त्या मांडवात फिरायचं. २०२१ मध्ये नॉडविन या गेमिंग कंपनीनं तो विकत घेतला. उसाचा फड उभ्याउभ्या विकतात तसा जलसा नावासकट विकला.

मी त्या संगीताला शिव्या घालायला उभा नाही. रॉक, रॅप, रेगे, जॅझ हे सगळं मुळात काळ्यांचं. गुलामीत, झोपडपट्टीत, जमैकाच्या बंदरात जन्मलेलं. ते आपल्या सख्ख्या भावाचं गाणं आहे. पण ते पुण्यात येतं तेव्हा पट्टा बांधून येतं, आणि ज्यांच्याशी त्याचं नातं ते गेटाबाहेर पार्किंगच्या शिट्ट्या मारत असतात.

आता न छापलेला इतिहास बघू.

ज्या पुण्यात २०१० ला वीकेंडर सुरू झाला, त्याच पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. हिशोब करा. मधे ब्याऐंशी वर्षं आहेत. तेव्हापासून दरवर्षी, न चुकता, तिकिटाशिवाय हा उत्सव भरतोय. आता तो एका दिवसाचाही राहिला नाही, सगळा एप्रिल चालतो. त्याला जोडून दीक्षाभूमी, चैत्यभूमी, आणि एक जानेवारीला भीमा कोरेगाव. कोरेगाव पार्क वेगळं आणि कोरेगाव भीमा वेगळं, हे शहरातल्या मित्रांसाठी सांगतो.

आणि तिथं गातात काय? १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे काढले. तमाशाचा साचा घेतला, त्यातला गण-गवळणीचा जुना माल बाहेर काढला आणि तिथं शिक्षणाचं, पाण्याचं, मंदिराच्या दाराचं गाणं घातलं. मग शाहिरी आली, पोवाडा आला. मुंबईच्या चाळींत कव्वालीचे सामने झडले, रात्रभर, दोन पार्ट्या समोरासमोर. लावणीची चाल घेतली, सिनेमाची चाल घेतली, भजनाची घेतली. इथनं जवळ, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले. प्रल्हाद शिंदे कॅसेटवरनं घराघरात गेले. आता पोरं रॅप करतात, बँजो पार्टी वाजते, डीजे वाजतो. मग मला सांगा, याला मल्टी-जॉनर म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

२६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमात होते. स्टेजवरच कोसळले आणि गेले. लोकगीत, कव्वाली, भारूड, पोवाडा, नाटक, सिनेमा हे सगळं एका गळ्यात मावलेला माणूस. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच कोरेगाव पार्कात पहिला वीकेंडर भरला. महाराष्ट्रात नाना तऱ्हेचं संगीत एका मैदानावर आणणारा नवा प्रयोग म्हणून त्याचं स्वागत झालं. नवा! उमप ऐंशीला टेकले होते, आयुष्यभर तेच करत होते.

प्रस्थापितांनी आपल्याला विसरलं असं रडगाणं मी गात नाही. विसरण्याला यंत्र लागतं, ते कसं चालतं हे समजून घ्या. त्यासाठी पुन्हा १९६९ ला जाऊ. वुडस्टॉकच्या त्याच उन्हाळ्यात, त्याच न्यूयॉर्क राज्यात दुसरा जलसा चालू होता. हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल. काळ्यांची वस्ती, तिथली बाग, जून ते ऑगस्ट सहा कार्यक्रम, सगळे फुकट. टोनी लॉरेन्स या गायकानं भरवलेला, १९६७ पासून दरसाल. गॉस्पेल, ब्लूज, सोल, जॅझ, पॉप, सगळं. नीना सिमोन, बी. बी. किंग, महालिया जॅक्सन, पोरसवदा स्टीव्ही वंडर. तीन लाख लोक येऊन गेले म्हणतात. पोलिसांनी अंग काढलं तेव्हा ब्लॅक पँथरच्या पोरांनी बंदोबस्त सांभाळला असंही सांगतात. ज्यांच्या नावावरनं आपण पँथर झालो, तेच ते.

हॅल टलचिन नावाच्या माणसानं त्याचं चित्रीकरण केलं, जवळजवळ चाळीस तासांचं. विकायला दारोदार फिरला. कुणी घेईना. रिळं तळघरात पडली. वुडस्टॉकचा सिनेमा १९७० ला निघाला आणि त्याला १९७१ ला ऑस्कर मिळालं. हार्लेमची रिळं २०२१ ला 'समर ऑफ सोल' म्हणून पडद्यावर आली आणि २०२२ ला तिला ऑस्कर मिळालं. एक्कावन्न वर्षांचं अंतर. तोवर जगाला पाठ झालं होतं की १९६९ चा उन्हाळा म्हणजे वुडस्टॉक.

यातनं घ्यायचं ते हे. हार्लेमकडं मैदान होतं, गाणारे होते, लोक होते, बंदोबस्त होता. नव्हतं एकच. रिळं लोकांपुढं नेण्याची ताकद. पण रिळं होती म्हणून पन्नास वर्षांनी का होईना निघाली. आपल्या तळघरात काय आहे? कव्वालीचे ते रात्रभरचे सामने कुठं आहेत? जलशाच्या वह्या कुठं आहेत? भीमराव कर्डकांनी १९७८ ला आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं म्हणून निदान तेवढं कळतं. बाकीच्यांचं काय? ढोलकीवाला गेला, त्याचं नाव त्याच्या नातवालाही माहीत नाही.

आता घरातलं बोलतो, राग आला तर येऊ द्या. आपल्या जयंतीच्या मांडवात काय चाललंय? वर्गणी गोळा होते, त्यातली निम्मी डीजेच्या भिंतीला आणि फ्लेक्सला जाते. फ्लेक्सवर नगरसेवकाचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा. गाणारी बाई रात्री अकराला उभी राहते, पोलीस बाराला वीज तोडायला सांगतात, आणि तिच्या हातावर ठरल्यापेक्षा कमी टेकवून 'समाजाचं काम आहे ताई' म्हणून वाटेला लावतात. समाजाचं काम डीजेवाल्याला का नाही सांगत? त्याला रोख, आगाऊ. बकार्डीच्या नावाला नाकं मुरडायची आणि आपल्या स्टेजवर वाळूवाल्याचं नाव लावायचं, हे चालणार नाही. मैदान आपलं असून माईक दुसऱ्याचा असेल तर ते मैदान आपलं नाही.

आणि माईक हातात घेतला तर काय होतं तेही आपण बघितलंय. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिथं गाणी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली, आणि खटला निकाली निघण्याआधीच त्यांची वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. तेव्हा गाण्याला कुणी घाबरत नाही असं समजू नका. दारूवाल्याच्या मांडवातल्या गाण्याला घाबरत नाहीत, एवढं खरं.

मग करायचं काय? त्यांच्या स्टेजवर जायचं की नाही, यावर आपल्यात रात्र-रात्र वाद होतात. माझं म्हणणं, ज्याला बोलावणं येईल त्यानं जरूर जावं, पूर्ण बिदागी घ्यावी आणि आपलं तेच गावं. पण पाहुणा म्हणून गेलेल्याला जेवायला मिळतं, घर मिळत नाही. घर आपणच बांधायचं असतं.

मद्रासवाल्यांनी ते बांधलंय. तिथं डिसेंबर म्हणजे मार्गळी महिना, सभांमधून कर्नाटक संगीताचा हंगाम, ब्राह्मणी सोवळ्यातला. पा. रंजित या सिनेमावाल्याच्या नीलम कल्चरल सेंटरनं आधी टेन्माला बरोबर घेऊन 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड काढला. जानेवारी २०१८ ला तो चेन्नईत पहिल्यांदा उभा राहिला. मग २०२० पासून त्याच मार्गळी महिन्यात 'मार्गळीयिल मक्कळिसै' म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत हा उत्सव सुरू केला. त्यात मयताला वाजणारी परई आहे, रडण्याची ओप्पारी आहे, मद्रासच्या झोपडपट्टीतला गाना आहे, रॅप आहे. त्यांनी सभेच्या दारात उभं राहून आत घ्या म्हटलं नाही. हंगाम तोच धरला आणि मांडव स्वतःचा टाकला. कारण त्यांनाही अनुभव आहेच. २०२१ मध्ये अरिवूनं लिहिलेली-गायलेली गाणी जगभर गाजली, आणि रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर त्याच गाण्यांचे दुसरे दोन गायक झळकले, अरिवू नव्हता. रंजितनं जाहीर बोंब मारली, मग पुढं त्याला वेगळं मुखपृष्ठ मिळालं. बोंब मारायला माणूस आणि संघटना होती म्हणून मिळालं.

आपण चार कामं करायची. आजच वाटून घ्यायची.

पहिलं, प्रत्येकानं आपल्या वस्तीतला साठीच्या वरचा गाणारा, वाजवणारा शोधायचा, बाई असेल तर आधी तिला. हातातल्या मोबाईलवर तिचं गाणं आणि बोलणं दोन्ही भरून घ्यायचं. नाव, गाव, पार्टीचं नाव, साल वहीत लिहायचं. दुसरं, जुन्या कॅसेटी भंगारात जाण्याआधी गोळा करायच्या. बुरशी चढली असली तरी टाकायच्या नाहीत. तिसरं, येत्या जयंतीला वर्गणीचा जमाखर्च फळ्यावर लावायचा आणि त्यात कलावंताचं मानधन सगळ्यांत वरच्या ओळीत. चौथं, वर्षातली एक रात्र डीजेविना. पोवाडा, कव्वाली, रॅप, गिटार, ज्याला जे येतं ते, एका स्टेजवर. तिकीट नाही, पुढाऱ्याचं भाषण नाही, फ्लेक्स नाही.

जागेचं म्हणाल तर तो प्रश्न खरा आहे. १ जून २०१७ ला याच पुणतांब्यातनं शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला दूध-भाजी अडवता येते. आपल्याकडं अडवायला शेत नाही आणि मांडव टाकायलाही नाही. पण समाजमंदिरापुढं वीस बाय तीसचं अंगण आहे ना? १९२८ ला तेवढंही नव्हतं. तिथनं सुरू करा. शहरातल्या पोरांनी आवाजाचं सामान आणि रेकॉर्डिंगचं ज्ञान घेऊन शनिवारी गाडीत बसायचं, दौंड-मनमाड लाईन कुणी बंद केलेली नाही.

वह्या मी आणल्यात. जाताना ज्यानं त्यानं एकेक घ्या. पहिल्या पानावर वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गाणाऱ्या बाईचं नाव लिहा, आणि पुढच्या बैठकीला भरलेली वही घेऊन या. कोरी आणली तर आत घेणार नाही.

जयभीम.