झिजण्यासाठी घडविलेले भाग



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते एका वीतभर प्लॅस्टिकच्या पट्टीविषयी. चिखलातून, ओढ्यातून, खडकांवरून चालविण्याच्या मोटारसायकलींना ती असते. 2019 साली हिरो कंपनीची एक्सपल्स 200 निघाली आणि या जातीची गाडी मध्यम पगाराच्या घरातही येऊ लागली. गाडी आली की ती दुरुस्त करणारा हात आला, आणि हात आला की आमचा संबंध आला.

एके काळी या गाड्यांचे मडगार्ड पत्र्याचे असत. गाडी पडली की पत्रा वाकून चाकाला घासे आणि धारदार कडेने पाय फाटे. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील प्रेस्टन पेटी या स्वाराने लवचीक प्लॅस्टिकचे मडगार्ड बाजारात आणले, आणि ते पाहता पाहता रूढ झाले. आज असे बहुतेक भाग पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीचे जुलिओ नाट्टा यांनी 1954 साली हा पदार्थ उपयोगी रूपात सिद्ध केला. 1963 चे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्यासमवेत मिळाले. वाकवले तर वाकावे आणि सोडले की पुन्हा उभे राहावे, हा त्याचा गुण. उन्हात वर्षानुवर्षे राहिले की मात्र ते ठिसूळ होते. वाकल्या जागी पांढरी रेघ उमटली तर तो भाग तेथे ताणला गेला, एवढे समजावे. तीच रेघ बोल्टाच्या भोकापासून निघून कडेकडे चालली असेल, तर तो भाग फुटण्याच्या वाटेवर आहे.

आता आमची पट्टी. मागचे चाक ज्या लांब दांड्याला बसविलेले असते त्याला स्विंगआर्म म्हणतात. खड्ड्यांत चाक वीतभर वर-खाली होते, त्याबरोबर साखळी कधी ताणते, कधी ढिली पडते. ढिली साखळी दांड्यावर आपटते. ते आपटणे आणि घासणे आपल्या अंगावर घेण्यासाठी दांड्याच्या पुढच्या टोकावर प्लॅस्टिकची वा रबराची पट्टी बसविलेली असते. तीच चेन स्लायडर. चिखल व रेती साखळीत गेली की तिची कानस होते. पट्टी संपली तरी साखळी थांबत नाही. ती दांडा कापू लागते. स्पर्धेच्या गाड्यांचा दांडा ॲल्युमिनियमचा असतो, तो लवकर कापला जातो. त्याच्या किमतीत पट्ट्यांचा ढीग येईल. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकांत एक सोपी खूण सांगितली आहे: साखळीच्या पिनांची खालची कड पट्टीच्या पातळीला आली वा तिच्याखाली गेली, की पट्टी बदलावी. मालकांना मात्र टाकीजवळची रंगीत कवचे बदलण्याची हौस फार! ती छायाचित्रात दिसतात. पट्टी दिसत नाही.

तीच गोष्ट पुढच्या फोर्कच्या गार्डची. तो फुटला की खडे थेट चकचकीत नळीवर बसतात. नळीवर ओरखडा उठला की तो सील कापतो, तेल ओघळते, आणि ते पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर पोहोचले म्हणजे उतारावर ब्रेक लागत नाही. हे सारे एका फुटक्या कवचापासून!

आमच्या ओळखीच्या एका पोराचे बोट या साखळीत गेले. गॅरेजचे नाव आम्ही घेत नाही. मागच्या दातेरी चक्राजवळचा प्लॅस्टिकचा गार्ड तडकला होता, तो काढून कोपऱ्यात टाकलेला. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि पोरगा फडक्याने साखळी पुसत होता. फडके आत ओढले गेले, त्यामागून बोट. मालक म्हणाले, “त्याचंच लक्ष नव्हतं.” असेलही. पण लक्ष चुकते म्हणूनच गार्ड बसवितात ना? यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना मजबूत आडोसा हवा, असे बंधन 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमाने मालकांवर घातले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या जागी निदान 10 कामगार असल्याखेरीज तो कायदा सहसा लागू होत नसे. चार पोरांचे गॅरेज त्याच्या बाहेरच राहिले.

म्हणून पट्टी बदलताना पहिले काम म्हणजे इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकणे. मग गाडी धुवावी. रेती तशीच राहिली तर ती बोल्टाच्या आट्यांत जाते. मागचे चाक ढिले करून साखळी सैल करावी. साखळीला जोडकडी असेल तर ती सोडता येते, आणि पुन्हा लावताना क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. काही गाड्यांत पट्टी दांड्याच्या बिजागरीभोवती गुंडाळलेली असते; तेथे दांडाच सोडावा लागतो. घाईने ती कापून वा ताणून बसवू नये. जुन्या पट्टीच्या भोकांतील धातूचे बारीक बुश आठवणीने काढून नवीत घालावेत. ते राहिले तर बोल्ट प्लॅस्टिकच चेपतो, आणि आठ दिवसांत ढिला होतो. बोल्ट बेताने आवळावा. मनगटाची ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे. शेवटी साखळीचा ढिलेपणा पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवावा. फार ताणलेली साखळीही नवी पट्टी लवकर खाते.

या कामाला वेळ लागतो, आणि त्या वेळेची मजुरी गिऱ्हाइकाने घासाघीस न करता द्यावी. तारेने बांधून “तात्पुरतं चालेल” म्हणणारा कारागीर स्वस्त पडतो खरा. पण ती तार साखळीत गुंतली, तर ती सोडवायला हात कुणाचा जातो?

पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की सारे बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत. कुणास जुनी पट्टी पाहावयाची असल्यास ती आम्ही पिशवीत आणली आहे; सभेनंतर अवश्य यावे.