मेणबत्ती घरून आणावी

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं "शाळा आणि घर" या विषयावर मीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. उपदेशाचा अधिकार माझा नव्हे. म्हणून मी केवळ एका जुन्या शाळेची हकीकत सांगतों. ती शाळा आपल्यापासून फार दूर, लंडन शहरांत, पांचशें वर्षांपूर्वीं निघाली. परंतु तिच्या नियमांत एक कलम असें आहे कीं, तें ऐकून प्रत्येक आईबापास आपल्याच घराची आठवण व्हावी.

त्या शाळेचे संस्थापक जॉन कॉलेट हे लंडनच्या संत पौलाच्या महामंदिराचे डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरु होते. पंडित इरॅस्मस हे त्यांचे जिवलग स्नेही. आणि ज्यांना १९३५ सालीं संतपद मिळालें ते थॉमस मोर त्यांस आपले आध्यात्मिक मार्गदर्शक मानीत. कॉलेट यांचे वडील श्रीमंत व्यापारी असून दोन वेळां लंडनचे महापौर झाले होते. त्या मातापित्यांस अकरा मुलगे व अकरा मुली अशीं बावीस अपत्यें झालीं. त्यांतून एकटे जॉन तेवढे मागें राहिले. १५०५ सालीं वडील वारले आणि सारी संपत्ति त्यांच्या हातीं आली. ज्या घरांत एकवीस पाळणे रिकामे झाले, त्या घराचा पैसा त्यांनीं परक्यांच्या मुलांच्या स्वाधीन केला. १५०९ सालीं महामंदिराच्या आवारांत संत पौलाची शाळा उभी राहूं लागली.

कारभार कोणाकडे द्यावा? कॉलेट यांनीं तो ना बिशपांकडे दिला, ना महामंदिराच्या धर्मगुरुमंडळाकडे. वडिलांच्या मर्सर नांवाच्या व्यापारी संघांतील संसारी गृहस्थांकडे दिला. मनुष्याच्या व्यवहारांत कशाचाच पुरता भरंवसा नाहीं, तरी त्यांतल्या त्यांत कमी बिघाड आपणांस अशा माणसांतच आढळला, असें त्यांचें म्हणणें इरॅस्मस यांनीं लिहून ठेवलें आहे. येथें बसलेल्या धर्मगुरुंनीं राग मानूं नये. हा निवाडा एका धर्मगुरुचाच आहे! आणि आम्हां संसारी लोकांनीं मात्र त्यांतली जबाबदारी ओळखावी.

शाळेंत जागा होत्या १५३. आणि त्या कोणत्याहि राष्ट्राच्या व देशाच्या मुलांस भेदभाव न करितां खुल्या होत्या. पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून प्रेषितांनीं तिबेरियाच्या समुद्रांत जाळें टाकलें, तेव्हां त्यांत १५३ मोठे मासे आले, असें संत योहान सांगतो. शाळेची परंपरा या संख्येचा संबंध त्या जाळ्याशीं जोडते. इतके मासे असूनहि जाळें फाटलें नाहीं, हें ज्यांच्या घरीं जाळीं आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

ही शाळा वसतिगृहाची नव्हे. मुलें सकाळीं घरून येत व सायंकाळीं घरीं जात. सातपासून अकरापर्यंत आणि दुपारीं एकपासून पांचपर्यंत अभ्यास चाले. दिवसांतून तीनदां प्रार्थना होई. शाळेंत खाणेंपिणें बंद. कोंबड्यांच्या झुंजी बंद. मुख्य शिक्षकानें आपल्या मर्जीनें खेळण्याची सुटी दिली, तर प्रत्येक वेळीं त्यालाच चाळीस शिलिंग दंड. राजा, आर्चबिशप किंवा बिशप स्वतः शाळेंत येऊन सुटी मागतील तरच ती देतां येई. मुलगा दाखल होतांना नांव लिहिण्याचे चार पेन्स घेत. तो पैसा शाळा झाडणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास मिळे. निरपराध बालकांच्या सणाच्या दिवशीं सर्व मुलें महामंदिरांत जाऊन बिशपाचा वेष केलेल्या मुलाचें प्रवचन ऐकत, आणि मिस्सा झाल्यावर त्याला एकेक पेनी अर्पण करीत.

मुख्य शिक्षकाच्या आसनावर, शिकवीत बसलेल्या बालयेशूची प्रतिमा होती. येतांना व जातांना सर्व मुलें गीत गाऊन तिला वंदन करीत. प्रत्येक वर्गांत सोळा मुलें. जो पहिला असे त्याचें आसन इतरांहून थोडें उंच.

अशा शाळेस ग्रामर-स्कूल म्हणत, कारण लॅटिन व्याकरण हा तेथील पाया. पहिले मुख्य शिक्षक विल्यम लिली हे ग्रीक भाषा शिकण्यासाठीं ऱ्होड्स बेटापर्यंत जाऊन आलेले गृहस्थ. त्यांच्या नांवाचें व्याकरण पुढें कित्येक पिढ्या इंग्लंडांतील मुलांच्या हातीं राहिलें. इरॅस्मस यांनीं १५१२ सालीं या शाळेसाठीं एक पुस्तक दिलें. "तुमच्या पत्रानें मला फार आनंद झाला" एवढीच गोष्ट शंभराहून अधिक प्रकारांनीं कशी सांगावी, हें त्यांत करून दाखविलें आहे. स्वतः कॉलेट यांनीं लहानांसाठीं सोपें पुस्तक लिहिलें, आणि आपले चिमुकले हात जोडून माझ्यासाठींहि प्रार्थना करा, अशी मुलांस विनंति केली.

आतां तें कलम. लंडनमध्यें हिवाळ्यांत सकाळीं सातला अंधार असतो आणि दुपारीं चारलाच दिवस मावळतो. दिव्याविना अभ्यास कसा व्हावा? कॉलेट यांनीं इमारत दिली, शिक्षकांचे पगार दिले, शिक्षण फुकट केलें. परंतु मेणबत्ती मात्र मुलाच्या आप्तांनीं आपल्या खर्चानें द्यावी, असें लिहिलें. तीहि चरबीची स्वस्त, धुरकट नव्हे, शुद्ध मेणाचीच.

बंधुभगिनींनो, एवढा उदार दाता मेणबत्तीपाशींच कां थांबला? मला वाटतें, सर्व कांहीं दान करितां येतें, पण मुलाच्या घराचा वांटा दुसऱ्यानें भरतां येत नाहीं. माझी आई निरक्षर होती. रात्रीं मी वाचीत असतां ती चिमणीजवळ जाळें दुरुस्त करीत बसे. पुस्तकांत काय आहे हें तिला कधीं कळलें नाहीं. पण चिमणींत तेल आहे कीं नाहीं, हें ती निजण्यापूर्वीं पाही. माझ्या बहिणीस मात्र त्या उजेडांत वाचावयास कोणी बसविलें नाहीं. ती शाळाहि मुलग्यांचीच होती. ही उणीव आपण तरी पुढें चालवूं नये.

१६६६ च्या आगींत ती इमारत जळाली. शाळा पुन्हां उभारली गेली, दोनदां स्थलांतर पावली, आणि १९६८ पासून थेम्स नदीपलीकडे बार्न्स येथें आहे. आज तेथें फी द्यावी लागते. दात्याचें दान काळानें बदललें. घरच्या मेणबत्तीचें काम बदललें नाहीं. शाळेंत नांव घातलें, फी भरली, शिकवणी लावली, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें आम्ही समजूं लागलों आहों. मुलगा सायंकाळीं परत येतो तो आमच्याकडेच. त्या वेळीं त्याच्याजवळ कोण बसतें? आज काय शिकलास, असें कोण विचारतें?

या महोत्सवांत वेदीवर पुष्कळ मेणबत्त्या लागल्या आहेत. आज रात्रीं एक घरीं लावूं या, आणि मुलाजवळ, मुलीजवळ बसूं या. परमेश्वर तो प्रकाश राखो.