आधी विरघळतंय का बघा



‘तू नक्की काय काम करतेस?’ हे सकाळपासून पाच जणांनी विचारलं, म्हणून आता माईकवरच सांगते.

रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा रंग ज्या रेणूंमुळे येतो, त्यांचं कूळ एकच : पॉर्फिरिन. नायट्रोजनचे चार अणू आत धरलेलं सपाट कडं. त्यावर प्रकाश पडला की ते शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो पेशी मारतो. काही कर्करोगांवर असे उपचार होतात. अडचण ही, की दृश्य प्रकाश शरीरात खोल जात नाही. ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश जास्त आत जातो, पण त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा पुरत नाही.

रेणूने एकदम दोन फोटॉन शोषले तर? हे शक्य आहे, असं मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखवलं. प्रयोगात दिसायला लेझर यावा लागला, १९६१ उजाडलं. हे शोषण किरण एकवटतात तिथेच होतं, त्यामुळे आजूबाजूच्या पेशी वाचतात. त्याचं एकक त्यांच्याच नावाचं, जीएम. साध्या पॉर्फिरिनचा आकडा काही दहांत असतो. दोन कडी कार्बनच्या तिहेरी बंधांनी जोडली की तो हजारांत जाऊ शकतो.

असे रेणू बनवण्याआधी त्यांचा आकडा काढणारे प्रोग्रॅम मी लिहिते. एकदा माझ्या यादीत पहिल्या आलेल्या रेणूवर आमच्या रसायनतज्ज्ञ मैत्रिणीने चार महिने घालवले. तो पाण्यात विरघळेचना. सपाट कडी भाकरीच्या चवडीसारखी एकमेकींवर बसली आणि चंबूच्या तळाशी गाळ. मी म्हटलं, “आकडा बरोबर आहे.” ती म्हणाली, “आकडा बरोबर आहे गं, पण हे रुग्णाला देणार कसं?”

माझ्या प्रोग्रॅममध्ये पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. तिचे चार महिने माझ्यामुळे गेले. आता कड्यांना पाण्याशी जमवून घेणाऱ्या, विद्युतभार असलेल्या शेपट्या जोडूनच गणित सुरू करते. आकडा थोडा उतरला तरी चालतो.

आठवीत प्रयोगशाळेत बाई म्हणायच्या, “आधी विरघळतंय का बघा, मग पुढचं बोला.” बाई, तुम्ही समोर बसला आहात. मला हे कळायला तीस वर्षं लागली. पण कळलं.