जाळ्याचे मोजमाप आणि मोजमापाची भाषा

बाजारात शेर आणि पायली चालत होती तो काळ तुमच्यापैकी पुष्कळांनी निदान ऐकला असेल. पायली सगळीकडेच होती; पण एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळेलच अशी खात्री नव्हती. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक पद्धत आली, आणि तेव्हा कुठे हा घोळ मिटू लागला. वेळेचेही तसेच. मुंबईचे घड्याळ १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालत असे. कोणी ‘नऊला येतो’ म्हणाला, की विचारावे लागे, कुठले नऊ?

नेमका हाच प्रश्न संगणकांच्या जाळ्यांपुढे उभा राहतो. जिनीव्हाजवळ सर्न ही अणुकणांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या सीएमएस नावाच्या प्रयोगाची माहिती जगभरच्या केंद्रांकडे जाते. त्यांतले एक केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. ही माहिती एकाच मालकाच्या तारांतून येत नाही. एक जाळे ती दुसऱ्याच्या हवाली करते, दुसरे तिसऱ्याच्या. आता समजा, वाटेत वेग मंदावला. विचारायला जावे, तर जो तो आपली नोंदवही उघडतो आणि सांगतो, ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे.’ आणि गंमत अशी, की त्यांतला कोणीही खोटे बोलत नसतो!

हे कसे, ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. अमेरिकेत संशोधनसंस्थांना जोडणारे ईएसनेट नावाचे जाळे आहे. तिथल्या एका यंत्राचा एक भाग बिघडला होता. माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेटे, तो पुढे पाठवी. पण दर २२,००० पुडक्यांमागे एक गहाळ करी. टक्केवारी काढली तर सुमारे ०.००४५. एवढ्याने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. पण दूरच्या प्रवासात एक पुडके हरवले, की पाठवणारा संगणक गर्दी झाली असे समजून आपला वेग एकदम कमी करतो, आणि तो हळूहळूच वाढवतो. त्यामुळे टोकापासून टोकापर्यंतचा वेग फारच घसरला. त्या यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत मात्र चूक दिसतच नव्हती. बाहेरून मुद्दाम पुडकी पाठवून जी चाचणी घेतली, तिच्यातच हा बिघाड उघडकीला आला.

म्हणून प्रत्येकाने मोजावे, आणि मोजलेले दुसऱ्याला दाखवावे. परंतु दाखवायचे कोणत्या भाषेत? इथे तीन गोष्टी निवडाव्या लागतात, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली गोष्ट, शब्दांचा अर्थ. ‘विलंब’ म्हणजे जाण्याचा, की जाऊन परत येण्याचा? इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी १९९९ साली या दोहोंच्या वेगळ्या व्याख्या केल्या, त्या उगाच नव्हेत. वेग बिटांत की बाइटांत? इथे चुकलात, तर उत्तर आठपटींनी चुकते. आकडा मोजणारे खाते केवढे, हेही पाहावे लागते. जुन्या पद्धतीचा ३२ बिटांचा बाइट-मोजक दर सेकंदाला १ कोटी बिटांच्या तारेवर सुमारे ५७ मिनिटांत भरून पुन्हा शून्यावर येतो. १०० कोटी बिटांच्या तारेवर तोच अवघ्या ३४ सेकंदांत फिरतो. दर पाच मिनिटांनी वाचणाऱ्याच्या पदरात मग निव्वळ खोटा आकडा पडतो. आणि वेळ? ती सर्वांनी जागतिक प्रमाणवेळेतच लिहावी. मुंबईच्या ३९ मिनिटांचा धडा इथे विसरू नये.

दुसरी गोष्ट, नोंदीचा ठरीव तक्ता, ज्याला स्कीमा म्हणतात. ग्लोबल ग्रिड फोरमच्या एका कार्यगटाने एक्सएमएलमध्ये असा तक्ता घडवला. आपल्या वाण्याच्या खतावणीसारखीच त्याची मांडणी होती. वर मथळा: कुठून कुठवर मोजले, काय मोजले, कोणत्या रीतीने. खाली नुसत्या ओळी: वेळ आणि आकडा. मथळा एकदाच लिहायचा आणि ओळींनी त्याच्या क्रमांकाचा हवाला द्यायचा. नवे मोजमाप निघाले, तर जुन्या तक्त्याला धक्का न लावता जोड द्यायची. ही कल्पना चांगलीच होती.

तिसरी गोष्ट, वाहन. तक्ता भरला, पण तो मागायचा आणि पोचवायचा कसा? युरोप, अमेरिका आणि ब्राझील इथल्या संशोधनजाळ्यांनी मिळून पर्फसोनार ही व्यवस्था उभारली, तेव्हा त्यांनी सोप नावाच्या वेब सर्व्हिसचा मार्ग घेतला. त्या काळी तोच राजमार्ग होता. पण सोपचा लिफाफा जड. आत चार आकडे आणि भोवती कागदच फार. पुढे २०१४ च्या सुमारास याच मंडळींनी नोंदींच्या साठ्यासाठी रेस्टची साधी पद्धत आणि जेसनची सुटसुटीत लेखनरीत स्वीकारली. २०२३ मध्ये तो साठाही बदलला.

आता यातून काय शिकायचे? वाहन बदलले, पेटी बदलली. पण जाण्याचा विलंब, पुडक्यांची गळती, प्रत्यक्ष मिळालेला वेग, हे शब्द टिकले. तेव्हा जाळ्यांची माहिती वाटून घेण्याचे काम तुमच्याकडे आले, तर सगळ्यांत अधिक वेळ अर्थ ठरवण्यात घालवा. एकक आकड्याजवळच लिहा. मोजण्याची रीत नोंदीतच ठेवा, कारण दहा वर्षांनी ती नोंद वाचणारा तुम्हाला विचारायला येऊ शकणार नाही. तक्त्याला आवृत्तीचा क्रमांक द्या. आपला नवा तक्ता काढण्याचा मोह होईल. त्याआधी शेजाऱ्याचा तक्ता चालतो का, ते पाहा. थोडा गैरसोयीचा पण दोघांना समजणारा तक्ता, एकट्यालाच समजणाऱ्या सुबक तक्त्यापेक्षा केव्हाही बरा. आणि वाहन असे निवडा, की उद्या त्यातून उतरून दुसऱ्यात बसता येईल.

राहता राहिली मनाची तयारी. आपली मापे दुसऱ्यासमोर ठेवणे म्हणजे आपला दोष दिसू देणे. पुष्कळदा काम अडते ते इथेच, तक्त्यापाशी नव्हे. परंतु २२,००० मधले ते एक पुडके आपल्याच दारात हरवत नाही ना, हे आपल्या नोंदवहीतून कळेलच असे नाही. ते कळायला शेजाऱ्याचे मापही लागते, आणि ते आपल्याला वाचता यावे लागते.