सायकलवाल्यांची वार्षिक सभा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून गावोगावच्या ह्या व्यासपीठांवर विद्वानांनीच बोलावे असा संकेत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आज मी आपणांपुढे सिद्धान्त मांडणार नाही. एका सभेची हकीकत सांगणार आहे. सभा होती आपल्याच गावातील सायकलप्रेमी मंडळींच्या संघटनेची, तिची वार्षिक सर्वसाधारण सभा.

मला त्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा घरी हसू झाले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सायकल सोडून वीस वर्षे झाली, तुम्हांला कशाला बोलावले?" प्रश्न रास्त होता. संघटनेचे अध्यक्ष डॉक्टर आहेत, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "तुम्ही माणसे जमवता. आमची सभासदसंख्या दोन वर्षे एका जागी अडली आहे. ती कशी वाढवावी ते सांगा." म्हणून गेलो.

रविवारी सकाळी दहा वाजता, एका शाळेच्या सभागृहात सभा होती. चाळीस-पंचेचाळीस मंडळी आली होती. सभा अगदी रीतसर झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले, चिटणीसांनी अहवाल वाचला, खजिनदारांनी जमाखर्च मांडला. ज्यांनी वर्षभरात सर्वांत अधिक किलोमीटर सायकल चालवली त्यांना पदके दिली. पंढरपूरची सायकलवारी, किल्ल्यांच्या सहली, प्रदूषण, प्रकृती ह्यांवर भाषणे झाली. शेवटी नगरपालिकेने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधावा असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. मी तीस वर्षे सभा पाहत आलो आहे. इतकी वक्तशीर, भांडणावाचून पार पडलेली वार्षिक सभा क्वचितच पाहिली. खरे सांगायचे तर त्यामुळेच मनात पाल चुकचुकली. ज्या सभेत कोणी भांडत नाही, त्या सभेला ज्याचे पोट दुखते तो माणूस आलेला नसतो, असा आमचा अनुभव आहे.

चहाच्या वेळी मी बाहेर आलो. अंगणात रंगीत, हलक्या वजनाच्या, गिअरच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. फाटकापाशी भिंतीला टेकून आणखी एक सायकल होती. काळी, भक्कम, मागे मोठे कॅरिअर, त्याला डब्याची पिशवी, आणि साखळीचे झाकण तारेने बांधलेले. ती शाळेच्या रखवालदाराची. साठीच्या घरातले गृहस्थ. मी विचारले, "काका, तुम्हीही सायकलवालेच की. आत का नाही बसलात?" ते म्हणाले, "आम्ही कुठले सायकलवाले, साहेब? आमच्याकडं सायकल आहे, एवढंच."

मंडळी, आजच्या माझ्या व्याख्यानाचा सारा विषय त्या एका वाक्यात आहे.

रखवालदारकाका रोज नऊ किलोमीटर येतात आणि नऊ किलोमीटर जातात. बारा तासांची पाळी. म्हणजे ज्यांना पदक मिळाले त्यांच्याहून त्यांचे किलोमीटर बहुधा अधिकच भरतील. पण ते मोजणारे यंत्र त्यांच्या हँडलवर नाही. मी विचारले, "स्वतंत्र मार्ग पाहिजे ना तुम्हांला?" ते म्हणाले, "झाला तर चांगलंच. पण आधी पुलाच्या तोंडाशी एक दिवा लावून द्या. तिथं खडी सांडलेली असते, अंधारात दिसत नाही. दोनदा पडलो."

घरी आल्यावर मी २०११ सालच्या जनगणनेचे आकडे काढले. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणारे सुमारे २० कोटी लोक कामावर कसे जातात, हे त्या वेळी विचारले होते. त्यांतले सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणारे होते त्यांच्याहून थोडे कमीच, सुमारे अडीच कोटी. मोटारीने जाणारे शेकडा तीनही नव्हते. पुढच्या वर्षांत मोटारसायकली पुष्कळ वाढल्या हे उघड आहे. तरी ज्या देशात कोट्यवधी माणसे पोटासाठी पायडल मारतात, त्या देशात सायकल ही कोणाची हौस आहे आणि कोणाची गरज आहे, हा हिशेब सायकलच्या चळवळीने आधी मांडला पाहिजे.

आता आपल्या शेजारच्या पुण्याचे पाहा. सायकलींचे शहर म्हणून एके काळी त्याची ख्याती होती. सायकलीला पालिकेचा कर होता आणि त्याचा बिल्ला होता. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट घेतले की पोलीस अडवीत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. आज त्याच पुण्यात वाहने माणसांहून अधिक झाली, असे २०१८ सालच्या नोंदींवरून प्रसिद्ध झाले. २०१७ साली तेथील महानगरपालिकेने एक सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचे जाळे योजले आहे. आराखडा चांगला आहे. परंतु आराखड्यावरून सायकल चालवता येत नाही, आणि जे मार्ग झाले त्यांपैकी अनेकांवर दुकानांच्या पाट्या, उभ्या मोटारसायकली आणि विजेच्या पेट्या आहेत, हे तेथे जाणारा कोणीही पाहू शकतो.

हे कोणी केले? सरकारला व मोटारवाल्यांना दोष देणे सोपे आहे, आणि मी ते व्यासपीठांवरून पुष्कळदा केले आहे. आज थोडा दोष आपल्या पदरात घेतो.

मी ज्या कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी होतो, तेथे फाटकाजवळ सायकलींसाठी पत्र्याची शेड होती. करारांत पगार वाढले. वाहनकर्जाची मागणी आम्हीच केली आणि ती मिळवली. कामगाराने घामाच्या पैशाने मोटारसायकल घेतली ह्यात वाईट काहीच नव्हते. त्याच्या बायकोला दवाखान्यात नेण्याची सोय झाली. तथापि हळूहळू ती शेड मोटारसायकलींची झाली. सायकली मात्र कारखान्यातून नाहीशा झाल्या नाहीत. त्या पत्र्याखालून उन्हात गेल्या, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता त्या कंत्राटी कामगारांच्या होत्या. आणि ते आमचे सभासद नव्हते.

२०१२ साली त्यांतला एक पोरगा, वय असेल बावीस, रात्रीची पाळी सुटल्यावर घरी जाताना वळणावर मालट्रकखाली गेला. फाटकापासून दोन किलोमीटरही नाही. दुसऱ्या दिवशी माणसे माझ्याकडे आली. मी विचारले, "आपल्या यादीत आहे का?" यादीत नव्हता. मी वर्गणी काढून दिली, स्मशानात गेलो, आणि परत येऊन बोनसच्या वाटाघाटीला बसलो.

श्रोतेहो, तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता असे नाही. १९७१ साली केरळात एक कामगार दुपारच्या पाळीसाठी सायकलने कारखान्यात निघाला होता. साडेचारची पाळी, सव्वाचारला अपघात, कारखाना एक किलोमीटरवर. धडक दिली ती त्याच्याच मालकाच्या लॉरीने. हा अपघात कामाच्या ओघात झाला की नाही, हा वाद पंचवीस वर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ साली निकाल लागला की नाही. रस्ता हा सर्वांचा आहे, नोकरी फाटकापाशी सुरू होते. पुढे २०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली. घर आणि कामाची जागा ह्यांमधील येण्या-जाण्यात झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच मानावा असे ठरले. म्हणजे २०१२ साली त्या पोराच्या आईचा हक्क कागदावर होता. मागणारे कोणी नव्हते. कंत्राटदाराच्या वहीत त्याचे नाव नव्हते, आणि आमच्या वहीतही नव्हते. कंत्राटदाराने नाव का घातले नाही हे मला समजते. आम्ही का घातले नाही, ह्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. आपल्या मराठवाड्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने जात असता कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. विमा कायद्याबाहेरच्या, १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखालीही वाटेवरचा अपघात कामातलाच धरता येतो, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली. बावीस वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आले आहे. तेव्हा कायद्याने आता मान्य केले आहे की फाटकापर्यंतचा रस्ता हाही कामाचाच भाग आहे. कायद्याने जे मान्य केले ते आमच्या युनियनांनी आणि त्या सायकलसंघटनेने मान्य करावयाचे राहिले आहे.

काही लोक म्हणतील, सायकल आणि कामगार चळवळ ह्यांचा संबंध काय? संबंध जुना आहे. इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरिअन’ ह्या वृत्तपत्राच्या नावाने सायकल क्लब काढला. रविवारी सायकलीवरून गावोगाव जाऊन ते वृत्तपत्र आणि पत्रके वाटीत. हॉलंड देशाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, तेथील लोकच वेगळे. तसे नाही. तेथेही मोटारींनी सायकलींना रस्त्यावरून हुसकले होते. १९७१ साली त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यात येऊन बसले. १९७५ साली सायकलस्वारांची राष्ट्रव्यापी संघटना निघाली. तेथील आजचे सुंदर मार्ग त्या रडण्यातून आणि त्या हट्टातून निघाले आहेत. आपल्याकडे उलटही घडले आहे. कलकत्त्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी झाली. दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारे, छोटे फेरीवाले ह्यांच्या पोटावर पाय आला आणि नागरिकांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

चहानंतर माझी बोलण्याची पाळी आली तेव्हा मी त्या सभेला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, सभेची वेळ. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. पण आज जो सायकलवर कामाला जातो, त्या रखवालदाराला, हॉटेलातल्या पोऱ्याला, वृत्तपत्र टाकणाऱ्याला रविवार नाही. त्यांच्या सवडीने सभा बोलवा, आणि वर्गणी इतकी ठेवा की ती देताना त्यांना पंक्चरच्या पैशांचा विचार करावा लागू नये.

दुसरी, मागणी. मोठा ठराव जरूर करा. पण त्याच्याखाली दहा लहान मागण्या लिहा. कोणत्या पुलावर दिवा नाही, कोठे गटाराची जाळी चाकाला समांतर बसवली आहे, कोठे खडी पडते, कोणत्या कारखान्यात सायकलींना छप्पर नाही. प्रत्येकीपुढे जागा लिहा, अर्जाची तारीख लिहा, पाठपुरावा करणाऱ्याचे नाव लिहा. लढा असाच जिंकला जातो, टाळ्यांनी नाही.

तिसरी गोष्ट मी माझ्याच लोकांसाठी सांगितली. कंपाउंडला टेकलेल्या प्रत्येक सायकलीमागचे नाव आमच्या वहीत आले पाहिजे. कारखान्याबाहेरचा रस्ता हा करारातला विषय झाला पाहिजे.

एक तरुण सभासद उठला आणि जरा रागाने म्हणाला, "आम्ही आनंदासाठी सायकल चालवतो, हा गुन्हा आहे का?" त्या सभेतले ते पहिले भांडण. मला बरे वाटले. मी म्हणालो, "गुन्हा मुळीच नाही. तुम्हांला सायकल सोडण्याची मोकळीक असताना तुम्ही ती धरलीत, ह्याचे मोल मोठे आहे. तुमच्यापाशी वेळ आहे, अर्ज लिहिण्याची हातोटी आहे, साहेबाच्या खोलीत खुर्ची मिळण्याइतकी पत आहे. काकांपाशी त्या रस्त्याचे ज्ञान आहे. दोन्ही चाके असल्यावाचून सायकल चालत नाही." तो बसला. पटले की नाही ते सांगता येत नाही. पण पुढच्या आठवड्यात रात्री नऊ वाजता डॉक्टर, तो तरुण, मी आणि रखवालदारकाका असे चौघे त्या पुलाच्या तोंडाशी गेलो. मीही मुलाची सायकल घेऊन गेलो. वीस वर्षांनी अंधारात त्या खडीवरून चाक घसरले तेव्हा जे कळले, ते कोणत्याही अहवालात वाचून कळले नसते.

अर्ज दिला आहे. त्यावर पहिली सही काकांची आहे. दिवा अजून लागलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही कचेरीत जाऊन विचारतो, आणि तो लागेपर्यंत विचारणार आहोत.

आज व्याख्यान संपल्यावर आपण घरी जाल. वाटेत आपल्या मोटारीच्या दिव्याच्या झोतात एखादा सायकलवाला येईल. मागे लाल काच नसलेला, कडेच्या खडीतून चाललेला. त्याला हॉर्न देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या की तो कामावर आहे. अजून घरी पोचलेला नाही, म्हणजे त्याची पाळी अजून संपलेली नाही. आणि उद्या सकाळी आपल्या इमारतीच्या रखवालदाराला विचारा, कोठून येता, आणि वाटेत दिवा आहे का? संघटना तेथून सुरू होते.