आधी पहारा, मग दार



परकीय भांडवलासाठी दार उघडणे सोपे असते. आत आलेल्या पैशावर लक्ष ठेवणे कठीण. थायलंडने या धड्याचे मोल १९९७ मध्ये मोजले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी त्या देशाने परकीय चलनावरील निर्बंध सैल केले, व्याजदर मुक्त केले आणि १९९३ पासून बँकांना परदेशांतून कर्ज उचलण्याची खास सोय करून दिली. थाई चलन बाटचा दर डॉलरला सुमारे २५ असा जवळजवळ स्थिर होता. परदेशात व्याज कमी, देशात अधिक. साहजिकच डॉलरमध्ये अल्प मुदतीचे कर्ज घेऊन ते बाटमध्ये दीर्घ मुदतीने देण्याचा व्यवहार फोफावला. यातील बराच पैसा इमारतींच्या बांधकामात व सट्ट्यात गुंतला. भाडे बाटमध्ये यायचे, देणे मात्र डॉलरमध्ये होते. कर्ज कोणाला आणि कोणत्या तारणावर दिले जात आहे, हे तपासणारी यंत्रणा दुबळीच राहिली.

१९९६ मध्ये निर्यातीची वाढ खुंटली. बांधलेल्या जागांना गिऱ्हाईक मिळेना. परकीय सावकार पैसा काढून घेऊ लागले. बाट सावरताना मध्यवर्ती बँकेची गंगाजळी आटली आणि २ जुलै १९९७ रोजी विनिमय दर मोकळा सोडावा लागला. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० बाटच्या पलीकडे गेला. नवा पैसाही न घेता कर्जदारांचे डॉलरमधील देणे बाटच्या हिशेबात दुप्पट झाले. व्यवहार स्थगित केलेल्या ५८ वित्तसंस्थांपैकी ५६ कायमच्या बंद झाल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे १७ अब्ज डॉलरचे साहाय्य मिळाले, पण कठोर अटींसह. नफा मूठभरांनी घेतला होता; तोट्याचा मोठा भार करदात्यावर पडला आणि हजारो नोकरदार घरी बसले.

याच सुमारास, मे १९९७ अखेर, भारतात तारापोर समितीने अहवाल दिला. भांडवली खात्यावर रुपया परिवर्तनीय करण्यापूर्वी वित्तीय तूट, महागाई आणि बँकांची थकीत कर्जे आटोक्यात आणावीत, अशा पूर्वअटी तिने घातल्या. सुमारे महिनाभरात बाट कोसळला. भारताने घाई केली नाही, हे हिताचे ठरले.

उदारीकरण त्याज्य नाही. त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बँकेतील ठेव ही कुणाच्या तरी आयुष्यभराची कमाई असते. तिच्या रक्षणाची व्यवस्था आधी उभी राहावी. दार त्यानंतर उघडावे.