हमाली कुठे गेली?

(दहावी १९९३च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'यशस्वी ऑनलाइन उद्योजिका' अशी करून दिली. ते ऐकताना गणिताच्या बाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बाई, तुम्हाला आठवत नसेल. सातवीत नफा-तोट्याची गणितं होती. व्यापाऱ्याने इतक्याला माल घेतला, वाहतूक आणि हमालीला इतके खर्च केले, इतक्याला विकला. मी घाईत मधलं वाक्य गाळायची आणि नफा भरपूर काढायची. तुम्ही लाल शाईने वहीवर लिहिलं होतं, "हमाली कुठे गेली?"

आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'घरबसल्या कमाई' असा विषय दिला आहे. मी ती दहा मिनिटं एका स्क्रीनशॉटवर घालवणार आहे.

२०२० साली टाळेबंदीत आमची प्रेस बंद पडली. लग्नंच नाहीत तर पत्रिका कोण छापणार? आपल्या सोलापुरात काय मिळतं हे सांगायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडून मी टॉवेलचे पन्नास सेट उचलले, घरच्याच पलंगावर फोटो काढले आणि ऑनलाइन विकायला लावले. पहिली ऑर्डर गुवाहाटीची आली. त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही. आपल्या गल्लीतला टॉवेल आसामात चालला, याचंच कौतुक.

मे २०२२ मध्ये मी आपल्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. वर्षाची विक्री, ११ लाख ८४ हजार रुपये. तुम्ही सगळ्यांनी फुलं पाठवलीत, अंगठे पाठवलेत. तिघींचे फोन आले. तिघींनाही मी म्हणाले, "कर गं, काही अवघड नाही." तो आकडा खरा होता. पण त्या वर्षी माझ्या हातात उरले ७१ हजार. महिन्याला सहा हजारांच्याही आत, आणि काम करणारे आम्ही तिघं. हे मी ग्रुपवर टाकलं नाही.

बाई, आता गणित पूर्ण मांडते. दोन टॉवेलचा सेट, जीएसटी बाजूला ठेवून विक्री ३८० रुपये. खरेदी १९०. साइटचं कमिशन, ठरावीक फी आणि पोहोचवण्याचा खर्च मिळून ११८. पिशवी, लेबल, चिकटपट्टी ९. राहिले ६३. अशा दहा ऑर्डरी गेल्या तर ६३० रुपये दिसतात. पण दहा जात नाहीत. दोन परत येतात, हा माझा अनुभव. कुणाला रंग फोटोतल्यासारखा वाटत नाही, कुणी पैसे घरपोच द्यायचे म्हणून मागवतो आणि दारातूनच परत पाठवतो. म्हणजे आठचे ५०४. परत आलेल्या प्रत्येकावर येण्याजाण्याचे ९६ आणि वाया गेलेल्या पॅकिंगचे ९, दोन्हींचे मिळून २१० वजा. राहिले २९४. आणि त्या दोनपैकी एक सेट वापरलेला निघाला तर त्याचे १९० गेले. दहा ऑर्डरींमागे १०४ रुपये. यात जाहिरातीचा खर्च धरलेला नाही, आणि दुपारभर घड्या घालणाऱ्या माझ्या सासूबाईंची मजुरी तर कुणी कधीच धरली नाही. स्क्रीनशॉटमध्ये मात्र परत आलेले दोन सेटही विक्री म्हणूनच दिसतात.

वापरलेला म्हणजे काय, तेही सांगते. एकदा पार्सल उघडलं तर आत आमचा टॉवेल नव्हताच. कुणाच्या तरी घरातली विटलेली चादर होती, तीही ओलसर. मी तक्रार केली. उत्तर आलं की उघडतानाचा व्हिडिओ हवा. पुढच्या वेळी व्हिडिओ काढला, तर त्यात पार्सलवरचं लेबल नीट वाचता येत नाही म्हणून नामंजूर. तेव्हापासून आमचे हे मोबाइल धरतात, मी आधी लेबल दाखवते, मग कात्रीने कापते. निम्मे दावे तरी आता मंजूर होतात. कुठल्या साइटवर हे झालं ते विचारू नका, मला अजून तिथेच विकायचं आहे.

वजनाने मला सगळ्यात जास्त रडवलं. टॉवेल फुगीर असतो. सेट ९०० ग्रॅमचा, पण भाडं दोन किलोचं लागायचं. दोन महिने मला वाटलं त्यांचा काटा चुकीचा आहे. मग कळलं, पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायचं. येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. माझं पार्सल ३५ बाय २८ बाय १० होतं, म्हणजे १.९६ किलो. मग आम्ही टॉवेल रात्रभर फळीखाली दाबून ठेवायला लागलो, फळीवर प्रेसमधली जुनी शिशाची खोकी. पार्सल ३० बाय २४ बाय ६ वर आलं आणि भाडं एका किलोच्या टप्प्यात बसलं. दोन वर्षांत मी केलेली खरी कमाई ही, असं कधीकधी वाटतं. बाकीचे दिवस तर भाव पाच-पाच रुपयांनी खाली आणण्यात गेले. कारण तोच कारखानदार, तोच टॉवेल, आणि माझ्यासारखे विकणारे आणखी किती तरी. त्यात २०२१-२२ मध्ये सुताचे भाव चढले. कारखानदाराने दर वाढवला, मला वाढवता येईना.

सरकारी कागदांबद्दल थोडक्यात. मी सुरू केलं तेव्हा साइटवर एक रुपयाचा माल विकायलाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला, ४० लाखांच्या मर्यादेत, नोंदणीशिवाय नावनोंदणी क्रमांकावर विकता येतं. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर नोंदणी लागतेच. आणि साइट तुमच्या पैशांतून थोडा कर आधीच कापून सरकारजमा करते, टीसीएस आणि टीडीएस. पूर्वी दोन्ही एकेक टक्का होते. २०२४ मध्ये टीसीएस अर्ध्या टक्क्यावर आणि टीडीएस ०.१ टक्क्यावर आला. हे पैसे बुडत नाहीत, पण आपण मागितले तरच मिळतात. पहिल्या वर्षी मी मागितलेच नाहीत.

आता ज्यासाठी उभी राहिले ते.

त्या तिघींपैकी एकीने भिशीचे पैसे आणि बांगड्यांवर काढलेलं कर्ज मिळून १ लाख ४० हजार घातले. सुरतेहून चारशे कुर्ते आणले. तिने मला विचारलं होतं, "टॉवेल की कुर्ते?" मी म्हणाले, "कुर्त्यात जास्त सुटतात." मी आयुष्यात एक कुर्ता ऑनलाइन विकलेला नव्हता. कपड्यात माप येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोक एम आणि एल दोन्ही मागवतात, एक ठेवतात, एक परत करतात. तिचे निम्म्याच्या आसपास परत यायला लागले. पैसेही माल पोहोचल्यावर काही दिवसांनी जमा होतात, तोवर व्याज चालूच. आठ महिन्यांनी तिने बंद केलं. उरलेले कुर्ते सासूबाईंच्या दिवाणात गेले आणि घरात त्यावरून जे बोललं गेलं ते तिलाच माहीत. मला ती एका शब्दाने बोलली नाही. ग्रुपवर माझ्या वाढदिवसाला केकचं चित्रही टाकलं. मला ते फार लागलं.

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. आज हे सगळं सांगायची परवानगी तिच्याकडून घेतली आहे, फक्त नाव नको म्हणाली. ती म्हणाली, "तू मला फसवलं नाहीस गं. मी तुला किती उरतात हे विचारलंच नाही." मी म्हणाले, "तू विचारलं असतंस तरी मी खरं सांगितलं नसतं." हे मी तिला सांगितलं, म्हणून आता तुम्हालाही सांगू शकते. दिवाळीत तिने बचत गटाच्या प्रदर्शनात बरेच कुर्ते काढले. तिथे बायका अंगाला लावून बघतात, परत करायचा प्रश्नच नाही.

मी धंदा सोडलेला नाही. पण आता दुसऱ्याचा माल फक्त फोटो काढून विकत नाही. काठाची पट्टी आणि माप मी ठरवते, तसं विणून घेते, लेबल माझं. त्यामुळे माझ्याच मालाखाली कुणी पाच रुपये कमी लावू शकत नाही. साइटवर चारच वस्तू ठेवल्या आहेत. निम्मा माल दोन वसतिगृहं आणि एक लॉज घेतात. तिथे टेम्पोचं भाडं आणि हमाली मी खरोखरच देते, आणि बाई, मी ती लिहूनही ठेवते. महिन्याला सरासरी सोळा हजार सुटतात. प्रेसही पुन्हा सुरू आहे, म्हणून घर चालतं. फक्त टॉवेलवर चाललं नसतं.

आपल्यातले काही जण पुढच्या काही वर्षांत निवृत्त होतील. दोघांनी मला विचारलं आहे की अमुक लाख भरले की कंपनी आपलं ऑनलाइन दुकान सगळं चालवून देते, आपण फक्त नफा घ्यायचा, हे कसं आहे? माझं मत विचाराल तर फंडाचे पैसे त्यात घालू नका. पन्नास सेटमध्ये मला जे रडू आलं ते पाच हजारांचं नाही तर साडेनऊ हजारांचं होतं, तेवढंच. आणि एकदा तरी परत आलेलं पार्सल स्वतः उघडा.

मी २०२० पासूनच्या तिन्ही वह्या आणल्या आहेत. जेवण झाल्यावर दहावी ब च्या वर्गात, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसते. ज्यांना सुरू करायचं आहे किंवा ज्यांचं अडलं आहे त्यांनी या. विक्रीचा स्क्रीनशॉट नको, बँकेत जमा झालेल्या पैशांची यादी घेऊन या. गणिताच्या बाईंनी अर्धा तास थांबायचं कबूल केलं आहे.